१८ टक्क्यांवर बंद पडणारा फोन

पत्राचा सारांश : या वाचक ताई शाळेत शिकवतात. त्यांचा फोन चार वर्षांचा झालाय. गेले काही महिने तो रडतखडत चालतो आणि बॅटरी १८-२० टक्के दिसत असताना अचानक बंद पडतो. मुलीने पहिल्यांदा एकटीने सायकल चालवली तेव्हा त्यांनी घाईघाईने कॅमेरा उघडला आणि स्क्रीन काळी झाली. ‘जागा संपत आली आहे’ ही सूचना तर रोजचीच. कंपन्या जुने फोन मुद्दाम मंद करतात, तेव्हा हा बाजूला ठेव आणि अमुक कंपनीचा नवा घे, असं पतीचं म्हणणं. धाकटा भाऊ दुसऱ्या कंपनीचा कट्टर. बाकी सगळं भंगार, असं त्याचं ठाम मत. दोघांत यावरून खटके उडतात. कोणीतरी २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला फोनही सुचवलाय. जाता जाता ताई लिहितात की आताचा फोन भावानेच सेट करून दिला होता आणि पासवर्ड वगैरे सगळं त्याच्याकडेच असतं, त्यामुळे ती चिंता नाही. शेवटी विचारतात : ‘कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवू? आणि चालता फोन टाकवत नाही म्हणजे मी चिकट आहे की काळाच्या मागे पडलेय?’

ताई,

सायकलचा प्रसंग तुम्ही एका ओळीत उरकलाय आणि कंपन्यांबद्दल दीड पान लिहिलंय. मी मात्र त्या एका ओळीवरच थांबले. एक तर तो क्षण हुकला याचं वाईट वाटलं. मुलीचा तोल पहिल्यांदा सावरतो, तो क्षण परत मागून मिळत नाही. आणि तुमच्या फोनला नेमकं काय झालंय, तेही त्या ओळीत जवळजवळ पूर्ण सांगून झालंय.

१८ टक्के शिल्लक असताना, आणि तेही कॅमेरा उघडल्याबरोबर फोन बंद पडणं, हे थकलेल्या बॅटरीचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिचं म्हातारपण दोन बाजूंनी येतं. पहिली बाजू सगळ्यांना ठाऊक असते : तिच्यात पूर्वीएवढी वीज साठत नाही, म्हणून ती लवकर उतरते. दुसरी बाजू डोळ्यांना दिसत नाही. बॅटरीच्या आत विजेला होणारा विरोध हळूहळू वाढत जातो, त्यामुळे साठलेली वीजसुद्धा तिला झटकन देता येत नाही. टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ धरलाय असं समजा. एक नळ सोडला तर धार बरी येते. तीन एकदम सोडले की सगळेच गुरगुरतात. कॅमेरा उघडणं म्हणजे तीन नळ एकदम सोडणं. स्क्रीन उजळते, प्रोसेसर म्हणजे फोनचा मेंदू धावायला लागतो, सेन्सर जागा होतो, आणि त्या क्षणी थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, इतकं खाली येतं की फोन स्वतःला सांभाळण्यासाठी बंद होतो. थोड्या वेळाने चार्जरला लावला की तोच फोन लगेच १५-१६ टक्के दाखवत उठतही असेल. आठवून बघा.

म्हणून पहिली विनंती ही की ‘फोन जुना झाला’ असं म्हणणं थोडे दिवस बाजूला ठेवा. बॅटरी हा झिजणारा भाग आहे, सायकलच्या टायरसारखा. टायर गुळगुळीत झाला म्हणून सायकल कोणी काढून टाकत नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे येऊ. कंपन्या फोन मुद्दाम मंद करतात, हे त्यांनी हवेतून काढलेलं नाही. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस या आयफोनच्या सॉफ्टवेअरचं १०.२.१ हे अपडेट दिलं. त्यात आयफोन ६, ६एस आणि एसई या फोनची बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी करण्याची सोय घातलेली होती. कारण काय? तुमच्या फोनला होतंय तेच. टक्के शिल्लक असताना ते फोन पटकन बंद पडत होते. उपाय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता, पण कंपनीने तो लोकांना नीट सांगितला नाही. लोकांना एवढंच कळलं की अपडेट घेतलं आणि फोन मंदावला. मग अनेकांनी नवे फोन घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने हे मान्य केलं, माफी मागितली, पुढच्या वर्षभरासाठी बॅटरी बदलण्याचा खर्च कमी केला आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय दिली. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण विभागाने २०२० मध्ये याच गोष्टीसाठी अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला. त्याआधी २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याबद्दल अ‍ॅपल आणि सॅमसंग, दोघांनाही दंड केला होता. म्हणजे तुमच्या घरातला वाद ज्या दोन गटांत चालतो, त्या दोन्ही गटांच्या पदरी हा ठपका आहे.

पण या गोष्टीतला एक धागा सहसा सुटून जातो. त्या आयफोनमध्ये ज्यांनी नवी बॅटरी बसवून घेतली, त्यांच्या फोनचा वेग परत आला. लपवालपवीचा राग येणं रास्तच, मलाही येतो. तरी त्या रागाच्या भरात नवा फोन घेतला तर फायदा शेवटी कंपनीचाच. मिस्टरांना हे जरूर सांगा. त्यांचा संशय खरा आहे. त्यावरचा उपाय तेवढा दुसरा आहे.

तुमच्या बॅटरीची तब्येत तपासणं दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा भाग उघडा. आयफोन असेल तर तिथे बॅटरी किती टक्के सक्षम आहे ते थेट लिहिलेलं असतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनमध्येही ते सेटिंग्जमध्येच मिळतं, काहींमध्ये कंपनीच्या स्वतःच्या मदत-अ‍ॅपमध्ये असतं, आणि कुठेच सापडलं नाही तर सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून सांगतात. आकडा ८० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली असं धरा. हा ८० कुठून आला? आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी अ‍ॅपलचा हिशेब असा की ५०० पूर्ण चार्जनंतर बॅटरी मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर यावी. आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० चार्जचा झाला. पूर्ण चार्ज म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरले तर दोन दिवसांत एक. रोज रात्री चार्जिंगला लागणारा तुमचा फोन चार वर्षांत हजाराच्या आसपास पोचलेला असणार. त्याने आपलं काम चोख बजावलंय.

इथे एक गोष्ट काळजीने सांगते, कारण ती मी स्वतः अनुभवली आहे. माझा जुना टॅबलेट टेबलावर ठेवला की किंचित डुगडुगायचा. मला वाटलं टेबलच वाकडं आहे. मग एका रात्री दिवा मालवल्यावर त्याच्या कडेला, स्क्रीन आणि चौकटीच्या मधून, केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. बॅटरी फुगून स्क्रीनला आतून वर ढकलत होती. तुमच्या फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसत असेल, सपाट जागेवर फोन गोल फिरत असेल किंवा स्क्रीन कुठे वर आल्यासारखी वाटत असेल, तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवा. झाकण दाबून बसवायला जाऊ नका, टोकदार काही लावू नका, उशीखाली ठेवू नका. फोन बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. बॅटरी फुगलेली नसेल तर मात्र घाई नाही. बाकीचं सगळं सावकाश करता येईल.

संथपणाचं दुसरं कारण तुम्हीच लिहिलंय : ‘जागा संपत आली आहे’. फोनची साठवण भरत आली की फक्त नवे फोटो ठेवायला जागा उरत नाही एवढंच होत नाही, सगळा फोनच अडखळतो. त्यातली मेमरी तुकड्यातुकड्यांनी लिहिली जाते, पण पुसली जाते मोठ्या गठ्ठ्यांनी. मोकळे गठ्ठे शिल्लक नसले की नवं काही लिहिण्याआधी फोनला आधीचं इकडचं तिकडे हलवत बसावं लागतं. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की अडचणी सुरू होऊ शकतात, असं गूगलही अँड्रॉइडच्या मदतीत सांगतं. तुमचा फोन रोज ओरडतोय म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या बऱ्याच खाली आहात.

जागा कशाने भरलीय, हे मी न बघता सांगू शकते. पालकांचे गट, शिक्षकांचे गट, नातेवाइकांचे गट, आणि त्यांतून आपोआप उतरलेले व्हिडिओ. चॅट अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये साठवणीचा भाग असतो. तिथे कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. वरचे दोन-तीन गट साफ केले तरी फोन मोकळा श्वास घेईल. मग फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवण्याची सोय बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. स्वतः काढलेल्या फोटोंना मात्र हात लावू नका. त्यांची दुसरीकडे प्रत झाल्याशिवाय तर नाहीच. ‘फोन साफ करतो, वेग वाढवतो’ म्हणणारी अ‍ॅप घेऊ नका, ती स्वतःच जागा आणि बॅटरी खातात. उघडी अ‍ॅप सारखी वर सरकवून बंद करायची सवय अनेकांना असते, तीही सोडा. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा मुळापासून उघडायला उलट जास्त वीज लागते.

आता ज्या एका कारणासाठी चालता फोनही बदलावा, त्याबद्दल. तुमच्या घरच्या वादात त्याचा उल्लेखच दिसला नाही, ते कारण म्हणजे सुरक्षेची अपडेट. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरांना आत शिरता येईल अशा फटी सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. कंपनीने बुजवणं थांबवलं की फोन बाहेरून तसाच दिसतो, चालतोही तसाच, फक्त फटी उघड्या राहतात. तुमच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आहे, शाळेतल्या मुलांची माहिती आहे. सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटच्या भागात शेवटचं सुरक्षा अपडेट कधी आलं ती तारीख असते. ती गेल्या दोन-चार महिन्यांतली असेल तर बॅटरी बदला आणि निर्धास्त वापरा. वर्षभर किंवा त्याहून जुनी असेल आणि नवं काही येतच नसेल, तर बॅटरी बदलण्यात पैसे घालू नका. तो फोन घड्याळ, गाणी, गजर असल्या कामांना ठेवा आणि बँकेसाठी दुसरा घ्या.

पूर्वी अँड्रॉइडच्या अनेक फोनना दोन-तीन वर्षंच अपडेट मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ सोबत सात वर्षांचं वचन दिलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच केलं. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं त्याला सॉफ्टवेअर अपडेट मिळाली पाहिजेत. नवा फोन घ्यायची वेळ आलीच तर दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : याला कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार? विक्रेत्याला सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर बघा. तिथेही नसेल तर तो फोन तुमच्यासाठी नाही. एकाच कंपनीच्या महाग आणि स्वस्त मॉडेलमध्ये हा काळ वेगवेगळा असतो, म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, मॉडेलचं नाव घेऊनच विचारा.

आणि ते २०० मेगापिक्सेल? एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके. एवढ्या मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या फोटोसाठी शेजारचे सोळा-सोळा ठिपके एकत्र करून त्यांचा एक करतो, आणि तुमच्या हातात साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो येतो. यात फसवणूक नाही, कमी उजेडात याचा उपयोगही होतो. पण तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्हाला झटकन उघडणारा आणि हलणारं मूल स्पष्ट टिपणारा कॅमेरा हवाय. ते आकड्यांवरून कळत नाही, हातात घेऊनच बघावं लागतं. दुकानात फोन लॉक करा, खिशातून काढल्यासारखा उचला, कॅमेरा उघडा आणि बरोबर आलेल्या माणसाला चालायला सांगून उजेडापासून दूर एक फोटो काढा. असं तीनदा करून बघा. कोणता फोन तुमचा, हे तेव्हाच कळेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न : कोणत्या कंपनीवर विश्वास ठेवू?

ताई, तुमचा भाऊ आणि तुमचे मिस्टर ज्या जोमाने भांडतात, ते वाचून मला वाटलं की दोघांनीही कंपनीला घरातलं माणूस करून टाकलंय. माणसाचा स्वभाव असतो, शब्द असतो, तो निदान ओळखता येतो. कंपनीचे निर्णय असतात आणि ते बदलतात. आवडत्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी वाचायला देणारं, लोकांच्या रोजच्या सवयीचं झालेलं गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं. ज्यांचा सगळा दिवस त्यावर सुरू व्हायचा त्यांनी कितीही विनवलं तरी बंद झालं. एलजीसारखी जुनी, नावाजलेली कंपनी २०२१ मध्ये फोनच्या धंद्यातून बाहेर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबवली आणि व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. सॅमसंगला २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ बॅटरी पेटत असल्यामुळे पूर्णपणे मागे घ्यावा लागला. पण पुढच्याच जानेवारीत त्यांनी कारणांचा तपास करून तो जाहीरपणे मांडला, हेही खरं. अ‍ॅपलने चार्जिंगसाठीचं स्वतःचं वेगळं लायटनिंग कनेक्टर २०१२ पासून अकरा वर्षं धरून ठेवलं आणि युरोपचा एकसारख्या चार्जरचा कायदा झाल्यावर २०२३ मध्ये आयफोन १५ ला इतर फोनसारखं यूएसबी-सी दिलं. यातून एक कंपनी चांगली आणि दुसरी वाईट असं काही निघत नाही. निघतं एवढंच की आज जे आवडतंय ते उद्या बदलू शकतं, आणि तो निर्णय तुम्हाला विचारून होणार नाही.

म्हणून मी मैत्रिणींना कंपनी निवडताना वेगळंच तपासायला सांगते : उद्या इथून निघावंसं वाटलं तर माझं सामान मला उचलता येईल का? फोटो, नंबर, नोंदी, गप्पा, हे तुमचं सामान. फोटो सगळे एकत्र उतरवून घेता येतात का, नंबरांची यादी फाइलमध्ये काढता येते का, घड्याळ किंवा इअरफोन घेतले तर ते दुसऱ्या कंपनीच्या फोनशी चालतात का, एवढं विचारलं तरी पुरे. सध्या घरात दोन्ही प्रकारचे फोन आहेत, हा तुमचा फायदा आहे. दोन्ही हातात घेऊन आठवडाभर बघा. अक्षरं कोणत्यात नीट मोठी होतात, एका हाताने कोणता धरवतो, टाइप करताना कीबोर्ड कोणाचा साथ देतो. तुमच्या फोनवरून भांडणाऱ्या दोघांपैकी एकानेही, निदान पत्रावरून तरी, तुम्ही त्यावर दिवसभर काय करता हे विचारलेलं दिसत नाही. एका साध्या दिवसाची नोंद करून ती त्यांच्यापुढे ठेवा.

आता ज्या वाक्यासाठी खरं तर मी हे उत्तर इतक्या विस्ताराने लिहितेय, त्याकडे येते. ‘पासवर्ड वगैरे सगळं भावाकडेच असतं, त्यामुळे ती चिंता नाही.’

मला ती चिंता आहे. बॅटरीपेक्षा, कंपनीपेक्षा जास्त आहे.

भावाच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. बहिणीला त्रास नको म्हणून त्याने प्रेमाने सगळं करून दिलं. पण त्याचा परिणाम काय झालाय बघा. तुमच्या फोनमागे जे गूगलचं किंवा अ‍ॅपलचं खातं आहे, त्यावरच तुमचे फोटो, नंबर आणि बॅकअप उभे आहेत. पासवर्ड विसरला तर ओटीपी त्याच्या नंबरवर जाणार. फोन हरवला तर शोधायचं त्याने. फोन पुसून पुन्हा सुरू करायचा झाला तर त्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो, कारण चोराला चोरलेला फोन वापरता येऊ नये म्हणून ते कुलूप असतं. ते कुलूप तुमच्याही हातात नाही. भाऊ प्रवासात असला, त्याने नंबर बदलला, तोही विसरला, की चार वर्षांचे फोटो कुलपाआड. आणि तुम्हाला नकळत तुमचे फोटो, तुम्ही कुठे आहात ही माहिती त्याच्या फोनवर दिसत असेल, अशीही शक्यता आहे. त्याला स्वतःलाही हे माहीत नसेल.

नवा फोन घ्यायला तुमचं मन धजत नाही, त्यामागे चिकटपणा आहे असं तुम्ही लिहिता. मला पत्र वाचताना वेगळं वाटलं. नवा फोन म्हणजे पुन्हा सगळं कोणाकडून तरी सेट करून घेणं, पुन्हा विचारत बसणं, पुन्हा ‘तुला नाही जमणार, दे इकडे’ ऐकणं. माझा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर उपाय फोनच्या दुकानात नाही.

हे काम जुना फोन चालू आहे तोवरच करा. तोच तुमचा ओळखीचा फोन आहे. खात्याला तुमची खात्री पटते ती त्याच्यावरून. भावाबरोबर एक तास निवांत बसा, फोन तुमच्या हातात, तो शेजारी. आधी खातं कोणाच्या नावाचं आणि कोणत्या ईमेलचं आहे ते बघा. फक्त तुमच्यासाठी उघडलेलं असेल तर पासवर्ड तुम्ही, तुमच्या बोटांनी बदला. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि ईमेल काढून तुमचा घाला. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, सुरू करा. त्या खात्यावर कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत त्याची यादी बघा आणि अनोळखी किंवा नको ती काढा. फोन हाताशी नसताना खात्यात शिरण्यासाठीचे आणीबाणीचे कोड मिळाले तर कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा, फोनमध्ये नको. खातं भावाचं स्वतःचंच निघालं, म्हणजे तुम्ही दोघे एकच वापरताय असं दिसलं, तर तुमचं नवं खातं उघडा. आधी नंबर आणि फोटो त्यात आणा, ते खरोखर आलेत का हे दुसऱ्या उपकरणावर उघडून बघा, आणि मगच जुन्यातून बाहेर पडा. जुन्या खात्यावर विकत घेतलेली अ‍ॅप तिथेच राहतील, एवढा तोटा धरून चाला. चॅट अ‍ॅपचा बॅकअप वेगळा असतो, तो नव्या खात्यावर स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.

हे वाचणाऱ्या भावांना, मुलांना, पुतण्यांनाही एक सांगायचंय. तुम्ही आई-वडिलांचे, मावशी-आत्याचे फोन सेट करून देता, ते मोठं काम आहे. पण पासवर्ड टाइप करायची वेळ आली की फोन त्यांच्या हातात द्या आणि थांबा. त्यांना चार मिनिटं लागतील, तुम्हाला चाळीस सेकंद लागले असते. तरीही थांबा.

बॅटरी बदलायला जाण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या. बॅटरी कंपनीची अस्सल आहे ना, हे विचारून घ्या. दुसरीच बसवली तर काही फोन तशी सूचना कायम दाखवतात. स्क्रीनलॉकचा आकडा लिहून देऊ नका. काही अँड्रॉइड फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो सुरू केला की तुमचे फोटो आणि मेसेज झाकलेले राहतात. फोन पाण्यापासून सुरक्षित आहे असं सांगून विकला गेला असला तरी एकदा उघडल्यावर ती खात्री धरू नका. नव्या बॅटरीला उन्हापासून आणि तापण्यापासून जपा, तिचा खरा शत्रू उष्णता आहे. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर रोजच्यासाठी ती चालू ठेवा. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरींसाठी होता, या बॅटरीला तो लागू नाही.

राहिला तुमचा शेवटचा शब्द, ‘चिकट’. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांवर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. फोनच्या पर्यावरणावरील भारातला मोठा वाटा तो तुमच्या हातात येण्यापूर्वी, तो बनतानाच पडलेला असतो. चार वर्षं न फोडता वापरलेला फोन आणखी दोन वर्षं चालवावासा वाटणाऱ्या बाईला मी चिकट म्हणणार नाही आणि तुम्हीही स्वतःला म्हणू नका. काळाच्या मागे तर मुळीच नाही.

भावाला या आठवड्यातच बोलवा. ‘पासवर्ड दे’ असं म्हणण्यापेक्षा ‘मला शिकव, मीच करते’ म्हणा, त्याला आनंदच होईल. मग बॅटरी. ती बदलून आली की एकदा मुद्दाम २० टक्क्यांच्या खाली उतरू द्या आणि मुलीला सायकल बाहेर काढायला सांगा.